शेजारणीच्या मापाचा झंपर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तरुणांच्या पुरवणीत गेल्या पंधरवड्यात लिनक्सच्या युक्त्यांची एक चौकट आली होती. त्यातली चौथी युक्ती अशी: दूरच्या सर्व्हरवर लॉगिन केल्यावर ‘अननोन टर्मिनल टाइप’ असं आलं, तर डॉट बॅशआरसी फाइलच्या शेवटी ‘एक्सपोर्ट टर्म = एक्सटर्म’ ही ओळ घाला, काम झालं. (आज्ञा मी देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची, ‘टर्म’ तेवढं कॅपिटलमध्ये. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, ‘टर्म’मध्ये तिचं नाव असतं. बॅश हा आज्ञा वाचून पाळणारा प्रोग्रॅम, अशाला शेल म्हणतात, आणि डॉट बॅशआरसी ही तो सुरू होताना वाचतो ती फाइल.) या चार शब्दांपायी आमच्या लॅबचे दोन दिवस गेले, म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर शेवटून लावू नका.

मी एका तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सहाय्यक आहे. परवा रात्री साडेनऊला भाकरी थापत होते, तेवढ्यात शेवटच्या वर्षाच्या एका मुलाचा पाटणहून फोन आला. हाताला पीठ, म्हणून स्पीकरवर टाकला.

“मॅडम, सर्व्हर हॅक झालाय वाटतं.”

“काय दिसतंय?”

“बॅकस्पेस दाबलं की अक्षर पुसायच्या ऐवजी पुढं जागा पडतेय. क्लिअर म्हटलं तर पडदा पुसत नाही. नॅनो उघडतच नाही.”

“लिहून काय आलंय?”

“एरर आलाय.”

आमची मुलं एरर ‘आला’ एवढंच सांगतात, पाहुणा आल्यासारखं. तो काय म्हणाला ते सांगत नाहीत. म्हटलं, अक्षर न् अक्षर वाच. मग त्याने वाचलं: एकेरी अवतरण, एक्सटर्म, डॅश, किट्टी, अवतरण बंद, कोलन, अननोन टर्मिनल टाइप. मी भाकरी उलटली. सर्व्हर शाबूत होता, नेट शाबूत होतं, कुणी काही हॅक केलं नव्हतं. पोराने नव्या लॅपटॉपवर किट्टी नावाचं टर्मिनल घातलं होतं आणि आमचा म्हातारा सर्व्हर त्याला ओळखत नव्हता, एवढंच.

“आणि मॅडम, लॉगिन केल्या केल्या वर अजून एक ओळ येते. बॅश, एक्सपोर्ट, नॉट अ व्हॅलिड आयडेंटिफायर.”

“ही कुठून आली?”

“पेपरात दिलेलं टाकलं.”

नॅनो, म्हणजे फाइल लिहायचा प्रोग्रॅम, उघडत नव्हतं म्हणून पठ्ठ्याने ‘एको’ या आज्ञेने ती ओळ फाइलच्या शेवटी चिकटवली होती, अगदी आपण छापली तशी. आपल्याकडे अक्षरजुळणीत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली गेली. गणितात ते शोभून दिसतं. बॅशला ते चालत नाही. बॅश त्याचे तीन शब्द करतं, मधलं बरोबरचं चिन्हही त्याला एका व्हेरिएबलचं (टर्मसारख्या नोंदीचं) नाव वाटतं, आणि असलं नाव असूच शकत नाही म्हणून ते कुरकुर करतं. टर्म होतं तसंच राहतं. म्हणजे आजार तसाच, वर औषधाचं पित्त.

मी त्याला सांगितलं, ती ओळ काढ आणि आजच्यापुरतं तुझ्याच लॅपटॉपवरून एसएसएचच्या (सर्व्हरला जोडणाऱ्या आज्ञेच्या) आधी ‘टर्म=एक्सटर्म-२५६कलर’ लावून लॉगिन कर. त्याने हो म्हटलं, फोन ठेवला, आणि ओळ काढण्याऐवजी तिच्यातल्या जागा काढल्या. त्याचं चाललं. पण खातं त्याच्या एकट्याचं नव्हतं, प्रकल्पाच्या चौदा मुलांचं मिळून होतं. दुसऱ्या दिवशी काय झालं ते पुढे सांगते. त्याआधी हे मुळात होतं कशाने, ते आपल्या वाचकांना कळायला हवं. चौकटीत त्याबद्दल अक्षर नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे मापांची एक लांबट वही आहे. मी फोनवर नुसतं नाव सांगितलं तरी तो पान काढतो आणि झंपर शिवतो: छाती, बाही, गळा, सगळं माझ्या नावापुढे लिहिलेलं. हेच मी पुण्यातल्या एखाद्या अनोळखी शिंप्याला फोन करून नुसतं नाव सांगितलं तर तो विचारणार, बाई, माप कुठाय? एसएसएचचं नेमकं असं आहे. जोडणी होताना आपल्या बाजूने पडद्याच्या ओळी-रकाने किती ते, आणि टर्मिनलचं फक्त नाव जातं. २००६ साली एसएसएचचं जे मानक लिहिलं गेलं, त्यात नावाला एका शब्दाची जागा ठेवली आहे आणि उदाहरण दिलंय ‘व्हीटी१००’, एका जुन्या पडद्याचं. बाकी माप पाठवायची सोय त्यात नाही. माप सर्व्हरने स्वतःच्या वहीत शोधायचं. त्या वहीचं नाव टर्मइन्फो. बहुतेक लिनक्सवर ती यूएसआर, शेअर, टर्मइन्फो अशा वाटेवर सापडते. आत अक्षरवार फोल्डर, एक्सच्या फोल्डरात एक्सटर्म आणि त्याची भावकी, व्हीच्या फोल्डरात व्हीटी१०० वगैरे. प्रत्येक पानावर त्या पडद्याचं माप: रंग किती, पडदा पुसायला काय पाठवायचं, कर्सर अमुक ओळीत न्यायला काय, वरच्या बाणाचं बटण दाबलं की तिकडून काय येतं.

हे माप खरंच वेगवेगळं असतं. डेक कंपनीच्या १९७८च्या व्हीटी१००चा पडदा पुसायचा तर एस्केप, चौकटी कंस, २ आणि जे एवढं पाठवावं लागतं. त्याच्या आधीच्या एडीएम-३ए या पडद्याला नुसता कंट्रोल-झेड पुरायचा. त्या काळी असे प्रकार डझनांनी होते. बर्कले विद्यापीठात बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिला तेव्हा प्रत्येक पडद्यासाठी वेगळा प्रोग्रॅम कोण लिहिणार, म्हणून टर्मकॅप नावाची वही काढली, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क हॉर्टन यांनी टर्मइन्फो आणली. व्हीआयमध्ये एच, जे, के, एल या बटणांनी कर्सर का फिरतो, असं मुलं विचारतात. जॉय यांच्यासमोरच्या एडीएम-३एच्या कीबोर्डवर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते, म्हणून. पडदे भंगारात गेले. त्यांची नावं आणि मापं मात्र आपण अजून वापरतो.

मी ही वही पुस्तकातून शिकले नाही. १९९४ साली एका पतपेढीत डेटा एंट्रीला लागले, तिथे एका खोलीत एससीओ युनिक्सचं एक मशीन आणि बाहेर सहा पडदे, जाड केबलने जोडलेले. लॉगिन केलं की मशीन विचारायचं: ‘टर्म = (एएनएसआय)’, आणि थांबायचं. म्हणजे, बाई, तुमच्यासमोर कुठला पडदा आहे, मी एएनएसआय धरू का? आमचे पडदे वाइझ-६० होते, म्हणून तिथे ‘डब्ल्यूवाय६०’ लिहावं लागायचं. ते शब्द हेड ऑपरेटरने स्केच पेनने कागदावर लिहून प्रत्येक पडद्याच्या कडेला डिंकाने डकवले होते. घाईत नुसतं एंटर मारलं की पडद्यावर कंस आणि आकडे सांडायचे, मेनूच्या चौकटीच्या जागी भलतीच अक्षरं, आणि खातेदार खिडकीतून वाकून बघायचा. एकदा ठेवींची यादी छापायच्या दिवशी मी ते केलं होतं. नंतर चार वर्षांत पुन्हा नाही केलं.

आता मशीन विचारत नाही. नाव परस्पर पाठवलं जातं, आणि म्हणूनच ते चुकलं की काय चुकलं ते कुणाला कळत नाही. बहुतेकांचं ते चुकतही नाही. आमच्या लॅबमधली मशीनं ‘एक्सटर्म-२५६कलर’ असं सांगतात, विंडोजवरून एसएसएच केलं तरी तेच जातं, पुटी हे जोडणीचं सॉफ्टवेअर नुसतं ‘एक्सटर्म’ सांगतं. ही नावं साधारण प्रत्येक सर्व्हरच्या वहीत असतात. अडतं ते किट्टी, घोस्टी, अलॅक्रिटी असल्या नव्या टर्मिनलांचं. त्यांनी स्वतःची नावं घेतली आहेत आणि जुन्या वह्यांत त्या नावांची पानं नाहीत. आमचा सर्व्हर सेंटओएस ७ (लिनक्सची एक जात) आहे. त्याचा आधार ३० जून २०२४ला संपला. नवा मिळावा म्हणून मी अर्ज दिलेला आहे, कुठल्या टेबलावर आहे ते विचारू नका.

वाचकांनी हेही ओळखायला शिकावं की एकच दुखणं प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या भाषेत सांगतो. क्लिअर म्हणतं ‘अननोन टर्मिनल टाइप’. नॅनो म्हणतं ‘एरर ओपनिंग टर्मिनल’. फाइल वाचून दाखवणारं लेस म्हणतं ‘टर्मिनल इज नॉट फुली फंक्शनल’ आणि एंटर मारेपर्यंत रुसून बसतं. एका खिडकीत अनेक खिडक्या सांभाळणारं टीमक्स म्हणतं ‘मिसिंग ऑर अनसूटेबल टर्मिनल’. पाटणच्या मुलाला हे चार वेगवेगळे बिघाड वाटत होते. ‘एको डॉलर टर्म’ करून नाव बघायचं, मग नुसतं ‘इन्फोसीएमपी’ म्हणायचं. पान सापडलं तर ते मापं ओळीने दाखवतं. नाही सापडलं तर तसं सांगतं. निदान संपलं.

उपाय असा, की आपल्या वहीतलं पान उतरवून त्या शिंप्याकडे पाठवायचं. आपल्या लॅपटॉपवरून एकच ओळ:

‘इन्फोसीएमपी -एक्स एक्सटर्म-किट्टी | एसएसएच सर्व्हर -- टिक -एक्स -’

‘सर्व्हर’च्या जागी आपल्या सर्व्हरचं नाव घालायचं. पहिली आज्ञा आपल्याकडचं माप वाचता येईल अशा मजकुरात काढते, उभी रेघ ते पुढे ढकलते, एसएसएच पलीकडे नेते आणि टिक ते सर्व्हरच्या वहीत चढवतं. शेवटचा डॅश विसरायचा नाही, तो सांगतो की मजकूर फाइलमधून नव्हे, समोरून येतोय तो घे. टिक कधी कधी बडबडतं की जुनं टिक वर्णनालाच टोपणनाव समजेल, त्याकडे काणाडोळा करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाला समोर बसवून हे करायला लावलं. दहा सेकंदांत झालं. त्याने बॅकस्पेस दाबून बघितलं, अक्षर पुसलं गेलं, त्याने ते पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं, असं चार-पाच वेळा. मी काही बोलले नाही.

एक मेख आहे. साध्या खात्यातून टिक चालवलं की पान त्या खात्याच्या घरातल्या डॉट टर्मइन्फोमध्ये जातं. मग रूट (सर्वाधिकारी खातं) होऊन नॅनो उघडलं की परत ‘एरर ओपनिंग टर्मिनल’, कारण रूटचं घर वेगळं. तिथे पान सगळ्यांच्या वहीत घालावं लागतं, म्हणजे टिक रूट म्हणून चालवायचं. डेबियन-उबुंटूवर किट्टीच्या मापाचं छोटं वेगळं पॅकेज मिळतं, ‘किट्टी-टर्मइन्फो’ नावाचं, ते घालायचं. किट्टी वापरणाऱ्यांना याहून सोपं, ‘किटन एसएसएच’ म्हणून जोडणी केली की ते स्वतःच आपलं माप बरोबर नेतं. ई-पुस्तकं वाचणाऱ्यांना कॅलिबर माहीत असेल, त्याचे कर्ते कोविद गोयल यांचंच हे किट्टी. त्यांनी आपल्या टर्मिनलला वेगळं नाव दिलं म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. सगळ्यांसारखं एक्सटर्म-२५६कलर म्हणवून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. अंगात जे आहे ते एक्सटर्मपेक्षा वेगळं आहे तर नाव वेगळं घेणं सरळपणाचं. नावाच्या सुरुवातीला ‘एक्सटर्म’ ठेवण्याची तडजोड मात्र त्यांनीही केली आहे, कारण कित्येक प्रोग्रॅम वही न उघडता नुसतं तेवढं बघून पुढचं ठरवतात.

आता दुसऱ्या दिवशीचं. सकाळच्या बॅचला दोन मुली तक्रार घेऊन आल्या. त्या सर्व्हरवर ‘स्क्रीन’ नावाचा प्रोग्रॅम लावून आत विम (व्हीआयचा नवा अवतार) उघडतात, म्हणजे नेट तुटलं तरी काम राहतं. कालपर्यंत नीट होतं. आज विमचा गडद रंग अक्षरांच्या मागे होता आणि ओळीच्या उरलेल्या मोकळ्या भागात नव्हता, पावसाळ्यात भिंतीला ओल आल्यासारखे डाग. मी तासभर विमची कॉन्फिग फाइल चाळली. चूक तिथे नव्हतीच. स्क्रीन स्वतः एक टर्मिनल आहे आणि आतल्या प्रोग्रॅमना तो आपलं नाव ‘स्क्रीन’ असं सांगतो. पण आत नवा शेल उघडला की तो बॅशआरसी वाचतो, आणि पेपरातली ओळ ते नाव पुसून ‘एक्सटर्म’ लिहिते. एक्सटर्मच्या मापात असं लिहिलंय की ओळ पुसली की रिकाम्या जागेला चालू पार्श्वरंग आपोआप लागतो. स्क्रीन, वेगळं सांगितल्याशिवाय, तसं करत नाही. विमने मापावर विश्वास ठेवला. त्याची काय चूक?

म्हणून आपल्या चौकटीवर माझा आक्षेप आहे. खोटं नाव सांगण्यालाच नाही. शेजारणीचा झंपर एका लग्नापुरता आपण घालतोच, काखेत जरा काचतो पण निभतं. तसं एखाद्या लॉगिनपुरतं एक्सटर्म-२५६कलर म्हणवून घ्यावं. एखाद्या सर्व्हरवर कायमचंच करायचं तर आपल्या लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये त्या सर्व्हरपुरतं ‘सेटएन्व्ह टर्म=एक्सटर्म-२५६कलर’ लिहावं, नव्या ओपनएसएसएचला ते कळतं. पण सर्व्हरवरच्या बॅशआरसीत ओळ घालणं म्हणजे शिंप्याच्या वहीत अख्ख्या गावाच्या नावापुढे शेजारणीचं माप लिहून ठेवणं. मग पुटीवाला येवो, स्क्रीनवाली येवो, ईमॅक्स एडिटरच्या ट्रॅम्प या दूरच्या फायली उघडायच्या सोयीतून मुद्दाम ‘डम्ब’ असं नाव सांगून कुणी येवो, सगळ्यांना तोच झंपर.

शिवाय टर्मिनलचा प्रत्येक गोंधळ मापाचा नसतो, हेही चौकटीत हवं होतं. ‘एसएसएच सर्व्हर टॉप’ (टॉप म्हणजे चालू प्रोग्रॅमांची यादी) असं एका दमात लिहिलं की येतं ‘टर्म एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नॉट सेट’. तिथे नाव चुकलेलं नसतं, पलीकडे टर्मिनलच दिलेलं नसतं. एसएसएचनंतर ‘-टी’ लावा, मिळतं. चुकून एखादी बायनरी (वाचायच्या मजकुराची नसलेली) फाइल ‘कॅट’ आज्ञेने पडद्यावर ओतली आणि पडदाभर काड्या-चौकोन उमटले, तर नाव बरोबर असूनही पडदा बावचळलेला असतो. तेव्हा न दिसता, अंधारात, कंट्रोल-जे, ‘रिसेट’, पुन्हा कंट्रोल-जे. हे मी पतपेढीत शिकले, तीस वर्षं चालतंय.

आणि एक खास आपल्या लोकांचं. माझा लॅपटॉप मी मराठीत ठेवला आहे, मेनूपासून तारखेपर्यंत. उबुंटूवरून एसएसएच करताना भाषेची निवडही (तिला लोकेल म्हणतात) पलीकडे पाठवली जाते, आणि सर्व्हरवर मराठी बसवलेली नसली की येतं ‘सेटलोकेल: कॅनॉट चेंज लोकेल (एमआर_आयएन)’. मुलं हेही ‘टर्मिनलचा एरर’ म्हणून माझ्याकडे आणतात आणि त्यावर टर्म बदलतात. टर्मचा काही संबंध नाही. सर्व्हरवर मराठी लोकेल तयार करून घ्या, नाहीतर पाठवणं बंद करा. एका सहकाऱ्याने मला सल्ला दिला की लॅपटॉपच इंग्रजीत करून टाका, कटकट नको. मी सर्व्हरवर मराठी लोकेल तयार करून घेतला.

तेव्हा विनंती ही, की चौकटीची दुरुस्ती छापावी. ती ओळ ज्यांनी घातली असेल त्यांनी आधी ती काढावी, मग पान पाठवावं, हा क्रमही लिहावा. आमच्याकडे मी चौदाही मुलांना बोलावून ओळ काढून घेतली. पाटणच्या मुलाने आपणहून कबूल केलं, म्हणून बाकीच्यांना नाव सांगितलं नाही.

आपली,
एक वाचक, कऱ्हाड

ता. क. दुरुस्तीत आज्ञा छापाल तेव्हा बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडू नये, आणि दोन आखूड डॅशांची जुळणीत एक लांब रेघ होऊ देऊ नये, एवढं जुळणी करणाऱ्यांच्या कानावर घालावं.